मराठवाडा विद्यापीठ

महाराष्ट्र राज्यातील एक प्रादेशिक विद्यापीठ. स्थापना औरंगाबाद येथे २३ ऑगस्ट १९५८. १४ जानेवारी १९९४ पासून त्याचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे आहे. स्थापनेच्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे त्याच्या अधिकारक्षेत्रात होते. १९९४ नंतर हे क्षेत्र औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद या चार जिल्ह्यांपुरते मर्यादित झाले. त्यांपैकी औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांना २०२३ पासून अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही नावे आहेत. विद्यापीठ जुन्या शहराच्या वायव्येस, बीबी-का-मकबरा व औरंगाबाद लेणी यांच्या परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे.

मराठी प्रदेशात मुंबई (१८५७), श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (१९१६), नागपूर (१९२३) व पुणे (१९४९) या विद्यापीठांनंतर मराठवाडा विद्यापीठाचा क्रम लागतो. हा विलंब केवळ शैक्षणिक मागासलेपणाचा परिणाम नव्हता. मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता आणि त्याचे उच्च शिक्षण ज्या विद्यापीठाशी बांधलेले होते, ते हैदराबादेत होते व त्याची भाषा मराठी नव्हती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभारून विज्ञान, वैद्यक, कायदा इ. विषयांची पुस्तके उर्दूत आणली. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा हा पहिला मोठा प्रयोग असून त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. मुंबई-पुण्याचा विद्यार्थी इंग्रजी या एका परक्या भाषेशी झगडत असे. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला मात्र आधी उर्दू व तिच्या जोडीला इंग्रजी असे दोन उंबरठे ओलांडावे लागत.

औरंगाबाद येथे उस्मानियाशी संलग्न असे इंटरमीडिएट महाविद्यालय होते. उर्दूचे थोर कोशकार व संघटक मौलवी अब्दुल हक हे त्याचे काही काळ प्राचार्य होते आणि त्यांच्यामुळे अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालयही बराच काळ औरंगाबादेत होते. इंटरनंतर पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. जालना हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक असल्याने तेथील विद्यार्थ्याला निदान गाडीची सोय होती. तरीही हे अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक भरते. भोकरदन, अंबड किंवा परतूर भागातील शेतकऱ्याच्या मुलाला गाडीचे स्थानकही दूर होते. पदवी ही अशा रीतीने सरकारी नोकरदार, जहागीरदार व सधन व्यापारी यांच्याच घरची गोष्ट राहिली. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरतेचे प्रमाण सु. ९ टक्के होते.

या परिस्थितीला शह देण्याचे काम प्रथम खाजगी शाळांनी केले. औरंगाबादचे सरस्वती भुवन (१९१५), अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या संस्थांनी मराठीतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला. संस्थानी सरकार अशा शाळांकडे संशयाने पाही व तो संशय अगदीच निराधार नव्हता. कारण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते बव्हंशी याच शाळांतून पुढे आले. संग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः हिप्परगा व अंबाजोगाई येथे शिक्षक होते. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या प्रश्नावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी संप केला आणि शेकडोंना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. आपल्या प्रदेशाचे विद्यापीठ असणे म्हणजे काय, हे त्या पिढीला अशा रीतीने विद्यापीठाबाहेर घालविले गेल्यावर कळले.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले. उस्मानियाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी करण्यात आले. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने एका परभाषेची जागा दुसरीने घेतली एवढेच. तथापि महाविद्यालये काढण्यावरचा दाब नाहीसा झाला. १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच वर्षी औरंगाबाद येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपले महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले.

मिलिंद महाविद्यालयाचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण विद्यापीठाच्या पुढील इतिहासाचे मूळ तेथे आहे. सोसायटीची स्थापना १९४५ मध्ये मुंबईत झाली व तिचे पहिले महाविद्यालय (सिद्धार्थ, १९४६) मुंबईतच निघाले. दुसऱ्यासाठी आंबेडकरांनी मुद्दाम मराठवाडा निवडला. अस्पृश्य समाज जेथे सर्वांत दरिद्री व शिक्षणापासून सर्वांत दूर होता, तेथे महाविद्यालय असावे, हा त्यामागील हेतू होता. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. परिसराला ‘नागसेनवन’ असे नाव पडले. ग्रीक राजा मिलिंद व भिक्षू नागसेन यांच्या संवादावरून ही दोन्ही नावे घेतलेली आहेत. शंका विचारणारा राजा हा विद्यार्थ्याचा आदर्श मानला गेला. प्राचार्य म. भि. चिटणीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी वसतिगृहांतील मुलांना लिहिते केले. १९६० नंतर मराठीत जे दलित साहित्य निर्माण झाले, त्याचे एक प्रमुख केंद्र हा परिसर होता. अस्मितादर्श या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे हे प्रथम मिलिंदमध्ये व नंतर विद्यापीठाच्या मराठी विभागात अध्यापक होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. एक अडचण तत्काळ उभी राहिली. प्रदेश मुंबई राज्यात, पण त्यातील महाविद्यालये आंध्र प्रदेशातील उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न, अशी ती विचित्र स्थिती होती. ही महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडणे हा एक सोपा मार्ग होता. तो न पत्करता स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करण्यासाठी १९५७ मध्ये न्यायमूर्ती पालनिटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीच्या शिफारशीनंतर १९५८ मध्ये मुंबई विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाचा कायदा संमत केला. यशवंतराव चव्हाण त्या वेळी मुख्यमंत्री होते. विद्यापीठाचे उद्‌घाटन पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

पहिले कुलगुरू म्हणून एस्. आर्. डोंगरकेरी यांची नियुक्ती झाली. मुंबई विद्यापीठात त्यांनी कुलसचिव व रेक्टर म्हणून दीर्घकाळ काम केले होते आणि त्या विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहासही लिहिला होता. शतक पूर्ण केलेल्या विद्यापीठातून ते इमारतीही नसलेल्या विद्यापीठात आले. नव्या विद्यापीठापुढे दोन कामे होती. एक, पदव्युत्तर विभाग व संशोधन उभे करणे. दुसरे, विखुरलेल्या महाविद्यालयांना संलग्नता देऊन त्यांचे अभ्यासक्रम व परीक्षा चालविणे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ मध्ये भारतात आलेली ही संलग्नतेची पद्धत खर्चाला हलकी असल्याने गरीब प्रदेशाला सोयीची ठरते. मात्र तिच्यात विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे कार्यालय होऊन बसण्याचा धोका असतो, व मराठवाडा विद्यापीठही त्यातून सुटले नाही.

तरीही तिचा परिणाम मोठा झाला. जालन्याचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. जालना हे कापसाच्या व्यापाराचे जुने व संपन्न गाव असले, तरी तेथे महाविद्यालय नव्हते. विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, १९५८ मध्ये, जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांना अनुक्रमे बगडिया, लखोटिया व बेझनजी अशी देणगीदारांची नावे आहेत. मारवाडी व पारशी नावांवरूनच जालन्याच्या पेठेने शिक्षणासाठी पैसा दिला हे दिसून येते. १९५९ मध्ये राज्य सरकारने आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली, आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती होतीच. जवळचे महाविद्यालय, माफ झालेली फी व वसतिगृह या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच शेतमजुराच्या घरातील मुलगा पदवीपर्यंत पोहोचू शकला. मुलींच्या बाबतीत अंतराचा प्रश्न अधिकच निर्णायक होता. गावातून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरावर महाविद्यालय नसेल, तर त्यांचे शिक्षण बहुधा शाळेतच थांबे.

सुशिक्षितांची ही नवी पिढी स्वस्थ बसणारी नव्हती. १९७४ मध्ये नोकऱ्या, रेल्वे, सिंचन इ. मागण्यांसाठी झालेल्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच अग्रभागी होते. त्याच वर्षी विद्यापीठाचा नवा कायदा झाला. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे ही मागणी या दशकात जोर धरू लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या. ‘मराठवाडा’ हे नाव मुक्तिसंग्रामाचे व प्रादेशिक अस्मितेचे प्रतीक असून ते पुसले जाऊ नये, असे विरोधकांचे म्हणणे होते आणि मुक्तिसंग्रामातील काही ज्येष्ठ मंडळीही त्या बाजूस होती. हे म्हणणे एक मत म्हणून मांडता येण्याजोगे होते. परंतु खेड्यांत जे घडले, त्याचा मतभेदाशी संबंध उरला नाही. नांदेड व परभणी जिल्ह्यांत दलित वस्त्या जाळण्यात आल्या, माणसे मारली गेली, विहिरी नासविण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यातील पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांची घरे जळाली त्यांतील बहुतेकांनी विद्यापीठ पाहिलेलेही नव्हते. वाद पदवीधरांच्या संस्थेच्या नावाचा होता. किंमत भूमिहीनांनी मोजली.

ठरावाची अंमलबजावणी थांबविण्यात आली व पुढील सोळा वर्षे हा प्रश्न धगधगत राहिला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीहून औरंगाबादकडे ‘लाँग मार्च’ निघाला. सत्याग्रह, तुरुंगवास व गोळीबार यांची मालिका चालू राहिली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेरीस १४ जानेवारी १९९४ रोजी जुने नाव कायम ठेवून त्याआधी आंबेडकरांचे नाव जोडण्यात आले. नामांतर नव्हे, नामविस्तार, असा हा तोडगा होता. दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मोठा जनसमुदाय जमतो. परीक्षा किंवा पदवीदान यांच्याशी संबंध नसलेल्या सामान्य माणसाने इतक्या आपुलकीने विद्यापीठाच्या दाराशी यावे, ही घटना भारतीय विद्यापीठांच्या इतिहासात विरळा आहे.

त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड, परभणी व लातूर हे जिल्हे मूळ विद्यापीठातून वेगळे झाले. (१९९९ मध्ये परभणीतून निघालेला हिंगोली जिल्हाही नांदेडकडेच आहे.) जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचा काही भाग व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून तयार झालेला असल्याने तो औरंगाबादकडे राहिला. परतूर परभणीतच असता, तर तेथील विद्यार्थ्यांची पदवी नांदेडची झाली असती. उस्मानाबाद येथे २००४ मध्ये विद्यापीठाचे उपकेंद्र सुरू झाले.

अधिकारक्षेत्राची काटछाट इतर दिशांनीही होत गेली. कृषिशिक्षण १९७२ पासून परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे गेले; जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील त्याचे संशोधन केंद्र तुरीच्या ‘बीडीएन’ या वाणांसाठी सर्वत्र ओळखले जाते. वैद्यकीय महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडली गेली. उरलेल्या कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत महाविद्यालयांची संख्या मात्र झपाट्याने वाढली. अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नाव धारण करणाऱ्या मत्स्योदरी शिक्षण संस्थेसारख्या स्थानिक संस्थांनी तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालये नेली, हे त्यातील लाभाचे अंग. पुरेसे अध्यापक, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांविना केवळ संलग्नतेवर चालणारी महाविद्यालये हे दुसरे अंग असून अशा ठिकाणची पदवी आणि नोकरी यांचा मेळ बसत नाही. जालन्यात हे विशेष जाणवते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी स्थापन केली व १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या उद्योगामागून शहरात बियाण्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला, लोखंडी सळयांचे कारखाने निघाले. पण येथील महाविद्यालयांतून शिकविले जाणारे विषय या उद्योगांच्या वाटेला फारसे गेले नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ व साक्षरता सु. ७१ टक्के होती, ती राज्याच्या सरासरीहून (सु. ८२ टक्के) बरीच कमी आहे. उच्च शिक्षणातील प्रवेशाचे प्रमाण कमी असलेल्या भागांसाठी असलेल्या योजनेनुसार विद्यापीठाने घनसावंगी येथे स्वतःचे ‘मॉडेल कॉलेज’ चालविले आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने जालना येथे आपला मराठवाडा परिसर सुरू केला. जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची पदवी मात्र अद्यापि साठ किलोमीटरांवरील मूळ विद्यापीठाचीच असते.