तुपाइयाविषयी संपादकीय टीप

* मूळ लेखकाने येथे ज्याची ‘दुभाषी’ एवढ्यावर बोळवण केली आहे, तो तुपाइया वस्तुतः रायातेया बेटावरील पुरोहित व निष्णात नाविक होता. १७६९ च्या जुलैत ताहिती सोडताना त्याला सरकारी खर्चाने जहाजावर घेण्यास कॅप्टन कुक राजी नव्हता. अखेर जोझेफ बँक्स या धनाढ्य निसर्गशास्त्रज्ञाने तो भार स्वतःवर घेतला, आणि शेजारी वाघसिंह पाळतात तसा हाही एक नमुना आपण का बाळगू नये, असे रोजनिशीत निःसंकोच लिहून ठेवले. या ‘नमुन्या’ने पुढे, ज्याच्या घराण्यात लेखी दप्तर कधी नव्हते अशा माणसाने, तारे, लाटांचा रोख आणि मुखोद्गत परंपरा यांच्या बळावर सत्तरांहून अधिक बेटांचा नकाशा सिद्ध करविला; मूळ प्रत नष्ट झाली असली तरी कुकच्या हातची मानली जाणारी नक्कल लंडनमध्ये सुरक्षित आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ताहितीपासून सुमारे ४,००० किलोमीटरांवरील न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर, तो माओरींशी आपल्या मायबोलीत बोलला व त्यांना ते उमगले. एक माओरी मोठा शेवंडा देऊन इंग्रजाकडून कापडाचा तुकडा घेत आहे, हे प्रसिद्ध जलरंगचित्रही त्याचेच. १७७० च्या अखेरीस बटाव्हिया येथे तो निवर्तला.

सबब, ताहिती, न्यूझीलंड आदी बेटांवरील वस्ती वाट चुकलेल्या होड्यांमुळे योगायोगाने झाली, हे मूळ लेखकाचे प्रतिपादन ग्राह्य नाही. दक्षिण अमेरिकेतील रताळे युरोपीय गलबतांपूर्वीच येथे पिकत होते, हेही त्यास प्रतिकूलच आहे. — संपादक