गरज, हौस आणि जीप

मराठीतले 'गरज' आणि 'हौस' हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. उर्दूत 'ग़रज़' म्हणजे हेतू, मतलब. कधी कधी स्वार्थही. 'हवस' म्हणजे हाव, लालसा. मराठीत येताना मात्र दोघांचा स्वभाव पालटला. गरज निरुपायाची झाली आणि हवस सौम्य होऊन हौस झाली. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पण या दोन शब्दांमधली सीमारेषा किती पुसट आहे हे पाहायचे असेल, तर जीप या वाहनाचा इतिहास वाचावा.

आज शहरांतल्या रस्त्यांवर उंच केलेल्या जीपगाड्या दिसतात. जाड खाचांची मोठी चाके, पुढे लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर, बाजूने वर गेलेली हवेची नळी. यातल्या बऱ्याच गाड्या रोज ऑफिस, शाळा आणि बाजार एवढाच प्रवास करतात. मालकाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात : 'ॲव्हरेज किती देते?' आणि 'रोज चालवायला त्रास होत नाही?' हे प्रश्न आजचे नाहीत. जीप जन्मली तेव्हापासून ते तिच्या मागे लागलेले आहेत.

१९४० साली अमेरिकन लष्कराने एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली. पहिली अट होती वजन १,३०० पौंडांच्या आत, म्हणजे ५९० किलोंच्या आसपास. ही अट कुणालाच पाळता येईना. शेवटी मर्यादा २,१६० पौंडांवर, म्हणजे सुमारे ९८० किलोंवर आली. विलीज कंपनीचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, स्पर्धकांपेक्षा ताकदवान. पण गाडी वजनात जास्त भरत होती. मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी इंजिन सोडले नाही, बाकी सगळे तासले. बोल्टांची जास्तीची लांबी कापली, पत्रा हलका केला, रंगाचा एकच हात दिला. चिखलातून जाणाऱ्या गाडीत ज्यांनी पहिल्यांदा फेरफार केले त्यांनी वजन काढले, घातले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

युद्ध संपत आले तशी विलीजने १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी जीप काढली. नांगर ओढायचा तर वेगापेक्षा ओढ हवी. म्हणून ॲक्सलमधला गिअर बदलला. लष्करी जीपमध्ये ४.८८ फेऱ्यांना चाक एकदा फिरत असे, शेतकी जीपमध्ये ५.३८ फेऱ्यांना. म्हणजे चाकाची ओढ दहा टक्क्यांनी वाढली. पण रस्त्यावर त्याच वेगासाठी इंजिनाला दहा टक्के जास्त फिरावे लागले. शेतकऱ्याला हा सौदा परवडणारा होता, कारण त्याचा दिवस शेतात जायचा.

पण युद्धातून उरलेल्या जीप ज्यांनी स्वस्तात विकत घेतल्या, त्यातल्या अनेकांचा दिवस डांबरी रस्त्यावर जात होता. त्यांची अडचण वेगळी. पुढच्या चाकांचा जोर दांड्याने बंद केला तरी त्या चाकांबरोबर पुढचा ॲक्सल, त्यातले गिअर आणि लांब शाफ्ट फुकट फिरत राहत. त्यात इंधन जाई आणि भाग झिजत. १९४८ साली अमेरिकेच्या वायव्य भागात आर्थर वॉर्न या गृहस्थाने यावर उपाय म्हणून कुलपाचे हब विकायला सुरुवात केली. हब मोकळा केला की चाक एकटे फिरते, आतले सारे स्थिर. चिखल आला की खाली उतरून हब फिरवायचा. आज 'ऑफ-रोड' सामानाच्या जगात वॉर्न हे मोठे नाव आहे. त्या धंद्याची सुरुवात रानटी गाडीला रस्त्यावर माणसाळवण्यापासून झाली.

आता आपल्याकडे येऊ. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली : महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि तिसरे भागीदार अलीगढला शिकलेले मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. नाव बदलले, इंग्रजी आद्याक्षरे तीच राहिली. याच कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. ज्या गाडीला आपण सर्वांत देशी समजतो, तिच्या कंपनीच्या पाटीवर फाळणीची खूण अशी लपलेली आहे.

१९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि गावात जीप आली की 'साहेब आले' हे समीकरण बनले. ती जीप पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल सरकारचे असायचे. स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरणाऱ्याचे गणित निराळे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. त्यानंतर आपल्या गॅरेजांत एक मोठे काम चालले : पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवणे. कंपनीही त्याच वाटेने गेली. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. पुढे फ्रान्सच्या प्युजोकडून परवाना घेऊन १९८० च्या दशकात इगतपुरीला डिझेल इंजिने बनू लागली. अशी इंजिने गोंगाट करत आणि धूर सोडत, पण मालकाचे घर चालवत.

त्यातूनच आपल्या ग्रामीण महाराष्ट्राची वडाप आणि काळी-पिवळी उभी राहिली. लांब सांगाडा, मागे समोरासमोर बाके आणि जोर फक्त मागच्या दोन चाकांना. पुढचा जड ॲक्सल नको होता, कारण तो खाणार डिझेल आणि जागा देणार शून्य. या गाड्यांत माणसे कोंबली जात, ते धोक्याचे होते आणि त्याचे समर्थन नाही. पण तांत्रिक बाजूने पाहिले तर जीपमधला हा आपल्याकडचा सर्वांत मोठा फेरफार, आणि तो गरजेतून झाला होता.

हौसेची वाट याच काळात दुसरीकडे फुटली. १९५३ साली कॅलिफोर्नियात रुबिकॉन नावाच्या दगडाळ वाटेवरून जीपवाल्यांची पहिली जत्रा गेली. तिथे उंची, मोठी चाके आणि मजबूत पत्रा ही खरोखर गरज होती. पण वाटेवरची गरज हळूहळू शहरातली शोभा झाली. २००३ मध्ये तर 'रुबिकॉन' नावाची जीप कारखान्यातूनच बाहेर पडली. खरेदीदार अनेक, ती वाट चढणारे थोडे. १९७५ च्या अमेरिकन कायद्याने इंधनाचे मापदंड आणले. पण हलक्या ट्रकांना मोटारींपेक्षा सौम्य वागणूक मिळाली. ही सूट गरजूंसाठी होती. पुढे तिच्या आडोशाला हौसही मोठी झाली.

आता थोडे गणित. समजा मूळ चाक २८ इंचांचे आहे आणि मालकाने ३१ इंचांचे घातले. घेर सुमारे ११ टक्क्यांनी वाढला. म्हणजे १९४५ साली शेतकी जीपला गिअर बदलून जी ओढ दिली गेली होती, जवळपास तेवढीच ओढ या एका बदलाने परत गेली. वर चाक जड, म्हणून ते फिरवायला आणि थांबवायला जास्त बळ. गाडी चढावर दमते. मग मालक ॲक्सलचे गिअर बदलायला निघतो. एका खर्चातून दुसरा निघतो तो असा.

काटाही चुकतो. तो ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या वर असते. किलोमीटरही कमी मोजले जातात. ४० लिटरमध्ये काट्याने ४०० दाखवले तर मालक म्हणतो, 'ॲव्हरेज दहा.' खरे अंतर ४४० च्या पुढे, म्हणजे ॲव्हरेज अकरा. तेव्हा मोठ्या चाकांवर येणारा ठपका थोडा कमी करूनच धरावा. तरी नुकसान उरतेच, कारण खाचांचे टायर डांबरावर जास्त घासतात आणि उंच गाडीला वारा जास्त अडवतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून रिकामे कॅरिअर गल्लीत फारसे जाणवत नाही, महामार्गावर मात्र रोज डिझेल खाते.

इंधनापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे. गाडी उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो आणि अचानक वळण घेताना ती कलंडण्याचा धोका वाढतो. लोखंडी बंपर पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो आणि एअरबॅगच्या संवेदकाचा अंदाज चुकवू शकतो. म्हणूनच डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा बंपरांवर कारवाई करायला कळवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला : नोंदणीतली माहिती कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनाशी होईल असा बदल करता येणार नाही. सीएनजी किट मात्र रीतसर परवानगीने बसवता येते. इथेही कायद्याने खर्च वाचवणाऱ्या बदलाला दार उघडे ठेवले आहे.

या निकालाची झळ गॅरेजला बसते, आणि गॅरेजच्या धंद्यात आपल्या समाजातल्या कारागिरांचा वाटा मोठा आहे. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, अर्थ उस्ताद. उस्तादाने गिऱ्हाईक मागेल ते बसवून द्यावे, की त्याला आधी विचारावे, 'गाडी महिन्यातून किती दिवस रस्ता सोडते?' मला वाटते, हा प्रश्न विचारणारा मिस्त्रीच टिकेल. जंगलखात्याचा कर्मचारी, पुरात मदत नेणारा, डोंगरातला शेतकरी यांना चारही चाकांचा जोर लागतो आणि त्यांच्यासाठी थोडे डिझेल जास्त गेले तर ते वाया गेले असे कुणी म्हणणार नाही. वर्षातून दोनदा चिखलात जाणाऱ्याने आधी टायरची हवा योग्य ठेवायला शिकावे, ओढायचा पट्टा आणि फावडे सोबत ठेवावे, कॅरिअर काम झाले की काढून ठेवावे. हे बदल परत फिरवता येतात आणि नोंदणीपुस्तकाला धक्का लावत नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये त्याच माझगावच्या जीपची वंशज असलेली थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त रूपात बाजारात आली. रूप तेच रांगडे, पुढच्या चाकांचा जोर काढलेला. वडापवाल्याने कित्येक वर्षांपूर्वी केलेला हिशेब कारखान्याला अखेर पटला. फरक इतकाच की वडापवाला गरज भागवत होता आणि इथे हौस स्वस्तात भागते आहे. ज्याला आपली गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते हे ठाऊक आहे, त्याने हौस जरूर करावी. फक्त तिला गरज म्हणू नये.