सापाच्या शिरावरचे बक्षीस

श्रोतेहो, सरावली-बोईसरकडे भात कापून उडव्या रचल्या की उंदीर येतात, आणि उंदरांमागून साप. साप दिसला की आपला हात काठीकडे जातो. एके काळी सरकारच या काठीला पैसे देत असे!

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्यास बक्षीस मिळे. सहा वर्षे हे चालले. दरसाल सरासरी सव्वादोन लाखांवर फुरशी मारली गेली. मग कोकणातले फुरसे संपले का? छे! आजही ते दगडाखाली आहेच.

बरे, बक्षिसासाठी मारलेले सगळे साप विषारी तरी होते का? हा प्रश्न विडाल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने १८९० साली विचारला. उत्तर कानड्यातील विषारी सापांची यादी देताना त्याने दाखवले, की सरकारी तक्त्यांत विषारी कोणता नि बिनविषारी कोणता, याची ओळखच धड नव्हती. त्याचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. १८८३ साली मुंबईत ही संस्था स्थापणाऱ्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपलेच होते.

या ओळखीचे मोल मुंबईच्या हाफकिन संस्थेत दिसले. सापाचे विष थोडे थोडे घोड्याला टोचायचे, आणि त्याच्या रक्तातून उतारा काढायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस अशीच होते. म्हणजे माणूस वाचवणाऱ्या औषधालाही सापच लागतो. याच संस्थेतील डॉ. देवरस यांनी १९६५ साली भारतीय सापांवर सर्वांना समजेल असे पुस्तक लिहिले. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. ज्याच्यावर बक्षीस लागत असे, त्याच सापाच्या जातीला आता कायद्याचा आधार मिळाला.

शिक्षक बंधुभगिनींनो, पावसाळ्यापूर्वी या चार सापांची चित्रे वर्गात लावा. धामण नागासारखी भासते, कवड्या मण्यारीसारखा; दोघेही बिनविषारी. पण ओळख दुरूनच करायची, साप हाती धरायचा नाही. आणि दंश झालाच तर जखम कापू नका, मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. माणसाला न चालवता थेट दवाखान्यात न्या. उतारा तिथेच आहे.