शिडी लागंल का?

मागच्या दिवाळीत ईटच्या घरी माळ्यावरचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात आत्याच्या लग्नाच्या तीन सीड्या निघाल्या. वर स्केचपेनने फक्त १, २, ३ असं लिहिलेलं. लग्न २००१ सालचं. आजोबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांचे फोटो घरात आहेत, पण चालताना-बोलताना ते कुठे असतील तर या तीन तबकड्यांमध्येच. आजीने एक सीडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “शिडी लागंल का रं ही आता?”

घरातला प्लेयर बंद पडून आठ-दहा वर्षं झाली होती. टीव्हीला सीडीचं तोंड नाही, माझ्या लॅपटॉपलाही नाही. म्हणजे नवा प्लेयर घ्यायचा. पण कोणता? मला वाटलं होतं, हे दहा मिनिटांचं काम आहे. ते तसं निघालं नाही, कारण या प्रश्नाला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून गेलाय आणि कुणी लिहून ठेवलेला नाही.

‘व्हिडिओ आणणे’

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं. व्हीएचएस कॅसेट त्याआधीच, १९७६ मध्ये, जपानच्या जेव्हीसी कंपनीने बाजारात आणली होती. आपल्याकडे या दोन गोष्टींची गाठ पडली आणि ‘व्हिडिओ आणणे’ हा शब्दप्रयोग जन्माला आला. व्हीसीआर विकत घेणारं घर गावात एखादंच. बाकीच्यांनी गणपतीत, बारशाला, जत्रेच्या रात्री वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि दोन-तीन कॅसेट भाड्याने आणायच्या आणि पहाटेपर्यंत बघायच्या. पुढे मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ चितेगावला, व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना उभा राहिला आणि टीव्ही ही शहरातून येणारी अपूर्वाईची वस्तू राहिली नाही.

त्या काळी प्लेयर निवडण्याचा प्रश्नच नव्हता. व्हीएचएस कॅसेट कुठल्याही व्हीएचएस यंत्रात चालायची. टेप घासली की चित्रावर मुंग्या यायच्या, आवाज घोगरा व्हायचा, पण चित्र दिसायचं. ‘हा फॉरमॅट चालत नाही’ असं यंत्राने तोंडावर सांगण्याचे दिवस अजून यायचे होते.

भूकंपाचं साल

आमच्याकडे जुनी माणसं काळ मोजताना ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असं म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून व्हिडिओ सीडीचे नियम ठरवले.

पहिला घरगुती व्हीसीडी प्लेयर मात्र त्यांच्यापैकी कुणी नाही, तर चीनमधल्या हफेइ शहरातल्या वानयान या छोट्या कंपनीने काढला, तोही १९९३ मध्येच. ज्यांग वानमंग आणि सुन यानशंग या दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून कंपनीचं नाव झालं होतं. त्यांनी पेटंट घेतलं नाही. इतर कंपन्यांनी त्यांचे प्लेयर विकत घेतले, उघडून पाहिले आणि तसेच बनवायला सुरुवात केली. वानयान बुडाली, पण चीनमध्ये शेकडो कारखाने उभे राहिले, प्लेयर स्वस्त झाले आणि ते स्वस्त डबे आशियाभर पसरत आपल्या बाजारपेठांतही आले.

व्हीसीडीत काय होतं? चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे आजच्या फोनच्या पडद्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढं. ते एमपेग-१ पद्धतीने दाबलेलं. एका तबकडीवर ७४ मिनिटं बसत. म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन सीड्यांचा असे आणि मध्ये उठून सीडी बदलावी लागे. अमेरिका-युरोपात हे फारसं चाललं नाही. आपल्याकडे चाललं, कारण इथे तुलना डीव्हीडीशी नव्हती, घासलेल्या कॅसेटशी होती. सीडीला रिवाइंड नको, बुरशी नको, आणि कॉपी काढली तरी चित्र तितकंच स्वच्छ.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनीही कॅसेट सोडून सीडी द्यायला सुरुवात केली. आत्याच्या लग्नाच्या तीन तबकड्या त्यातल्याच.

पुसलेला खेळ

यानंतर जे झालं त्यामुळे प्लेयर निवडणं ही एक विद्याच झाली.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानात आली. चित्र सुंदर, पण सिनेमा चार ते आठ जीबीचा आणि त्यावर कुलूप. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या यून लेक यूहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव असलेला एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर आला, ज्याने ते कुलूप उघडत होतं. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या जेरोम रोटा या तरुणाने मायक्रोसॉफ्टच्या एमपेग-४ कोडेकमध्ये फेरफार करून ‘डिव्हएक्स’ बनवलं. नावात एक चेष्टाही होती. अमेरिकेत त्याच नावाची, दोन दिवसांत ‘संपणारी’ भाड्याची तबकडी काढली गेली होती आणि ती सपशेल पडली होती.

या दोन गोष्टी एकत्र आल्या. कुलूप उघडायचं, सिनेमा काढून घ्यायचा आणि दाबून ७०० एमबीत बसवायचा. हिशोब करून पाहा. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. ७०० एमबी म्हणजे ५,६०० मेगाबिट. सेकंदाला जेमतेम ०.६२ मेगाबिट मिळतात, आवाजासकट. व्हीसीडी याच्या दुपटीहून जास्त खर्च करून धूसर चित्र द्यायची. डिव्हएक्सने निम्म्याहून कमी जागेत जास्त चांगलं चित्र दिलं. तीन सीड्यांचा सिनेमा एका सीडीवर आला.

अडचण एवढीच, की तो कॉम्प्युटरवरच दिसायचा. कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर असतो, नवा प्रोग्राम टाकला की नवी पद्धत त्याला कळते. साध्या प्लेयरमध्ये एक चिप असते आणि कारखान्यात तिला जे शिकवलं तेवढंच तिला येतं. एमपेग-१ शिकलेल्या चिपसमोर एमपेग-४ ठेवलं तर ती नुसती बघत बसते.

२००३ च्या सुमारास डेन्मार्कच्या किस कंपनीने डिव्हएक्स चालवणारा डीव्हीडी प्लेयर काढला. मग फिलिप्ससारखे मोठे आले, चिनी कारखाने आले आणि खोक्यावर ‘डिव्हएक्स’ची मोहोर दिसू लागली. पण मोहोर म्हणजे हमी नव्हे. ज्याने फाइल बनवली त्याने एखादी जास्तीची करामत वापरली असेल, तर चित्र अडकायचं आणि आवाज पुढे पळायचा. नाहीतर नुसता आवाजच यायचा. म्हणून जाणकार गिऱ्हाईक खिशात स्वतःची सीडी किंवा पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जायचं आणि म्हणायचं, “आधी ही लावून दाखवा.” प्लेयर निवडण्याचा याहून चांगला नियम मला अजून सापडलेला नाही.

पुढे प्लेयरला यूएसबीचं तोंड आलं आणि तबकडीची गरज कमी झाली. मग एच.२६४ नावाची पद्धत आणि एमकेव्ही फाइली आल्या, आणि मोहोर असलेले डबेही एका रात्रीत म्हातारे झाले. त्यावर उतारा म्हणून २००८ मध्ये वेस्टर्न डिजिटलने तबकडीच नसलेला, फक्त फाइल चालवणारा छोटा डबा काढला. पाच-सहा वर्षांत एकामागून एक डबे बाद झाले. प्रत्येक वेळी यंत्र ठणठणीत होतं, फक्त भाषा जुनी झाली होती.

मालेगावचा धडा

हा सगळा नुसता चोरीचा इतिहास आहे, असं म्हणता येईल. दुसऱ्याचा सिनेमा फुकट वाटणं ही चोरीच, त्यात शंका नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढली, तेव्हा लोकांनी खरी सीडीही घेतली. याचा अर्थ किंमत परवडली तर गिऱ्हाईक होतं.

पण स्वस्त डब्याने आणखी एक गोष्ट केली. मालेगावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. त्यांनी गावातल्या यंत्रमाग कामगारांना आणि दुकानदारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. त्यावरून पुढे फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा सिनेमा. मालेगावचे हे सिनेमे मल्टिप्लेक्सने नाही, तर पार्लरने आणि व्हीसीडीने लोकांपर्यंत नेले. कीर्तनं, भीमगीतं, तमाशाचे वग, अहिराणी विनोद, हे सगळं त्याच तबकडीवर घरोघर गेलं. त्यातलं किती आज शिल्लक आहे? ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याकडे प्लेयर नाही.

खिशातला डबा

डब्यांचं राज्य संपवलं ते फोनने. सुरुवातीला फोनचं चित्र १७६ बाय १४४ ठिपक्यांचं होतं, व्हीसीडीच्या पावपट. तरी मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून घ्यायला रांग असायची. मग अँड्रॉइड आलं आणि २०११ मध्ये एमएक्स प्लेयर. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली कॉलेजात सुरू केलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी जन्माला आलं होतं, तेही फोनवर आलं. आता चिपचं अडाणीपण आडवं येत नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फाइल साठवायचीच गरज उरली नाही.

किंवा आपल्याला तसं वाटलं. यूट्यूबवर आत्याचं लग्न नाही.

शेवटी काय घेतलं

आधी बार्शीहून यूएसबीला लागणारा बाहेरचा ड्राइव्ह आणला. सीडीत ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘डॅट’ फाइल. मिनिटाला सुमारे दहा एमबी. पहिल्या दोन तबकड्या उतरल्या. तिसरी निम्म्यावर अडकली आणि लॅपटॉपने चूक दाखवून कॉपी सोडून दिली. कारण शोधलं तेव्हा कळलं, की व्हीसीडीत जास्त चित्र बसवण्यासाठी डेटा-सीडीवर असतो तो चूक दुरुस्त करणारा जादा थर काढून टाकलेला आहे. बघताना एखादा ठिपका चुकला तर काय बिघडलं, असा तो विचार. प्लेयर अशा जागी चित्र थोडं फाडतो आणि पुढे जातो. कॉम्प्युटर मात्र कॉपी करताना अडून बसतो.

म्हणून तिसरी सीडी बघण्यासाठी मला हवा होता तो साधा, अडाणी, पण सोशिक डबा. बाजारात अजून मिळणारा यूएसबीचं तोंड असलेला साधा डीव्हीडी प्लेयर. दुकानात तीच सीडी घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, “हे आता कोण बघतंय दादा?” पण लावून दाखवली. चौथ्या की पाचव्या मिनिटाला चित्र फाटलं, हिरवे चौकोन आले आणि पुढे सरकलं. घेऊन टाकला.

तिन्ही तबकड्यांची नक्कलही करून ठेवली, तिसरी प्लेयरच्या आउटपुटवरून रेकॉर्ड करून. मूळ ‘डॅट’ फाइली तशाच ठेवल्या, कारण व्हीएलसीला त्या कळतात. एक प्रत एमपी-४ मध्ये केली, टीव्हीला आणि आत्याच्या फोनला चालावी म्हणून. तीन ठिकाणी ठेवल्या. तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल, तर हे काम या सुट्टीत करा. तबकडी वाट पाहत नाही, आणि ती वाचणारी यंत्रं तर त्याहून कमी.

संध्याकाळी लाइट आल्यावर आजीसमोर सीडी लावली. आजोबा तिसऱ्या तबकडीत होते. पंगतीत बुंदी वाढत होते, शूटिंगवाल्याने दिवा तोंडावर मारला तसे हाताने ‘तिकडं घे’ म्हणत बाजूला झाले. सगळे मिळून अकरा सेकंद.

आजी म्हणाली, “मागं घे.” मी मागं घेतलं. रिमोटवरचं ते बटण तिला दाखवलं. आता तिचं तीच घेते.