दुप्पट भाडं

परदेशी शिकायला गेलेला मुलगा परत येणार म्हटलं की आपल्याकडे घरात लग्नाइतकी धांदल उडते. गाडी किती वाजता पोचणार, स्टेशनवर कोण कोण जाणार, हार कुणी आणायचा, आणि तो हार आधी कुणी घालायचा यावरून दोन मामांचं बिनसणार. आमच्या एका साहेबांचे चिरंजीव जर्मनीहून आले त्या दिवशी अर्धी शाखा स्टेशनवर होती आणि सगळे खातेदार काउंटरवर. हजारो मैलांचा प्रवास झाल्यावर शेवटचे दहा-वीस मैल म्हणजे चहा आणि फोटो, अशीच आपली समजूत.

डॉ. आंबेडकरांच्या खात्यावर हा हिशेब अगदी उलटा दिसतो. त्यांचं न्यूयॉर्कला अडलं नाही, लंडनला अडलं नाही. अडलं ते मसूरला, आणि पुढे बडोद्याला.

आधी मसूर. साल १९०१. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर होते. हे वाचून माझी कॉलर जरा ताठ झाली, कारण कॅशियर म्हटलं की तो आमच्यातला! दुष्काळी माणसांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला काढला होता, त्या मजुरीचा हिशेब त्यांच्याकडे. खटाव आणि आमचा माण हे दुष्काळानं एकमेकांना चिकटलेले सख्खे शेजारी. इकडे पाहुणा दारात आला की आधी तांब्या पुढे करतात, मग "कवा आलासा?" विचारतात. घरात पाणी कमी असेल तर तांब्या लहान होतो, पण येतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून दहा वर्षांचे भीमराव, थोरले बंधू आणि घरातली लहान मंडळी साताऱ्याहून निघाली. नवे इंग्रजी शर्ट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. जन्मातला पहिला रेल्वेप्रवास! संध्याकाळी पाचला मसूर आलं. सगळे उतारू पांगले, पण न्यायला कुणीच नाही. पत्र तर आधीच टाकलेलं. स्टेशनमास्तरांनी कपडे बघून आपुलकीनं चौकशी केली, आणि पोरांनी खरी जात सांगताच ते चार पावलं मागे सरकले.

बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं. कॉमर्सच्या चार वर्षांत मी मागणी आणि पुरवठा घोकला, पण गिऱ्हाईकानं दुप्पट पैसे मोजून वर स्वतःच काम करायचं, हा व्यवहार एकाही पुस्तकात नव्हता. विटाळ बैलांना होत नव्हता, गाडीला होत नव्हता, नाण्यांना तर मुळीच नाही. तो फक्त गाडीवानाला होत होता.

रात्री डोंगराच्या पायथ्याशी टोलनाका लागला. बरोबर भाकरतुकडा होता, पाणी नव्हतं. नाकेदाराला मुसलमान आहोत असं सांगा, असं गाडीवानानं शिकवलं. भीमरावांनी उर्दूतून पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. रात्र तशीच काढली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोरं गोरेगावला पोचली. बाप दुष्काळी मुलखात तलाव खणणाऱ्यांचे पैसे वाटतोय, आणि त्याच मुलखात त्याची पोरं घोटभर पाण्यावाचून रात्र काढताहेत!

आणि पत्राचं काय झालं? ते पोचलं होतं हो! शिपायाला मिळालं होतं, पण द्यायचं राहून गेलं. ज्यानं सरकारी कचेरीत एक दिवस जरी काढलाय त्याला यात नवल वाटणार नाही.

आता बडोदा. १९१३ साली सयाजीराव महाराजांची साडेअकरा पौंडांची मासिक शिष्यवृत्ती घेऊन भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली लंडनला. परत येऊन दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार. शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा सोडून निघावं लागलं. महायुद्ध ऐन भरात. पुस्तकांचं सामान थॉमस कुकमार्फत वेगळ्या बोटीनं पाठवलं, स्वतः मार्सेल्सहून 'कैसर-इ-हिंद' धरली. जर्मन पाणबुडीनं बुडवली ती सामानाची बोट. २१ ऑगस्टला ते मुंबईला सुखरूप उतरले. भरपाई सहाशे रुपये. पै-पै वाचवून जमवलेल्या पुस्तकांची ही किंमत! पण त्यातूनच घरी काही देता आलं आणि बडोद्याच्या तिकिटाची सोय झाली, म्हणजे जर्मनांचेच उपकार म्हणायचे.

बडोद्याला उतरले, तर स्टेशनवर कुणीच नाही. या खेपेला शिपाई विसरला म्हणायचीही सोय नव्हती. हिंदू हॉटेलात जागा मिळेना, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. रोजचे दीड रुपया. वरच्या मोठ्या दालनात मोडकं सामान आणि हे एकटे. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत शिपाई टेबलावर कागद लांबून टाकायचे, आणि प्यायला पाणी? कोलंबियाच्या पदव्या दाखवूनही ते नाहीच.

अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा! दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीनं नकार दिला. मग कामाठीबागेत बसून राहिले, आणि रात्री नऊच्या गाडीनं मुंबई.

या आठवणी त्यांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवल्या, त्या पुस्तकाच्या नावात 'व्हिसा' हा शब्द आहे. तो अमेरिकेचा नव्हे, एवढं ध्यानात आलं असेलच. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, राहिलेला अभ्यास पुरा केला आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी. एस्सी. मिळवली. आम्ही बँकवाले त्या प्रबंधाचं नाव मोठ्या अभिमानानं घेतो. मसूरच्या गाडीवानाच्या दुप्पट भाड्याचा विषय मात्र आमच्या बँकिंगच्या परीक्षेला अजून आलेला नाही.