एका शिष्यवृत्तीचा हिशेब

विज्ञानाच्या मासिकात जर्मन वाङ्मयाच्या अभ्यासाला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचे काय काम, असे वाचकांना वाटेल. पण आम्हा विज्ञानवाल्यांचे जर्मन भाषेशी जुने नाते आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या संशोधकाचे ज्याच्यावाचून पान हलत नसे, तो बाइलश्टाइनचा संदर्भकोश १९८० च्या दशकापर्यंत जर्मनमध्येच निघत असे. मात्र कोश चाळण्यापुरती भाषा शिकणे वेगळे आणि त्या भाषेच्या माणसांत राहून तिचे वाङ्मय, तिची संस्कृती समजून घेणे वेगळे. या दुसऱ्या शिक्षणासाठी पदवीधरांना शिष्यवृत्त्या कशा मिळू लागल्या?

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन विद्यापीठांचे परदेशांशी संबंध तुटले होते. तेव्हा हायडेलबर्गमधील कार्ल योआखिम फ्रीडरिख या विद्यार्थ्याने खटपट करून जर्मन विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेत तेरा शिष्यवृत्त्या मिळवल्या. त्या खटपटीतून १९२५ साली ‘जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा’ म्हणजेच ‘डाड’ ही संस्था उभी राहिली. विनिमय म्हटला की देवघेव आलीच. बाहेरचे पदवीधरही जर्मनीत येऊ लागले.

त्यांपैकी एक होत्या अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिल्ड्रेड फिश-हार्नॅक. साहित्य हा त्यांचा विषय. तेथे शिकायला आलेल्या आर्विड हार्नॅक या जर्मन अभ्यासकाशी त्यांचा विवाह झाला होता. १९२९ मध्ये डाडची शिष्यवृत्ती घेऊन त्या येना येथे, पुढे गीसेनला शिकल्या. बर्लिन विद्यापीठात त्यांनी अमेरिकन साहित्य शिकवले.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि चित्र पालटले. डाडचे संचालक आडोल्फ मोर्सबाख यांना १९३४ मध्ये अटक करून डाखाऊच्या छळछावणीत टाकण्यात आले. संस्था नाझी प्रचाराचे साधन बनली. मिल्ड्रेड मात्र बर्लिनमध्येच राहिल्या. पतीसह त्यांनी मित्रांचा एक गट जमवला. हा गट चोरून पत्रके वाटी, छळ होणाऱ्यांना मदत करी आणि युद्धाच्या तयारीची माहिती बाहेर पोचवी. सप्टेंबर १९४२ मध्ये दोघांना अटक झाली. आर्विड यांना डिसेंबरात फाशी दिली. मिल्ड्रेड यांना न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा दिली होती. ती हिटलरने नामंजूर केली, खटला पुन्हा चालवला गेला आणि १६ फेब्रुवारी १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. अखेरच्या काळात कोठडीत त्या गटेच्या कविता इंग्रजीत उतरवत होत्या.

यापुढची गोष्ट आम्ही संशोधकांनीच सांगायला हवी. त्यांचा मृतदेह बर्लिन विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ हेरमान श्टीव्ह यांच्याकडे गेला. मानसिक ताणाचा स्त्रियांच्या जननेंद्रियांवर काय परिणाम होतो, याचा ते अभ्यास करीत. त्यासाठी देहदंड झालेल्या स्त्रियांचे मृतदेह ते वापरत. युद्धानंतरही ते १९५२ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या पदावर राहिले.

गटेची भाषा श्टीव्ह यांची मातृभाषा होती. मिल्ड्रेड यांनी ती शिकून घेतली होती. केवळ वाङ्मय वाचल्याने माणूस शूर होतो असे आम्ही म्हणणार नाही. वाङ्मय वाचलेले कितीतरी जर्मन प्राध्यापक त्या काळात गप्पच बसले. पण दुसऱ्याच्या भाषेत जाऊन राहिलेल्या माणसाला तिथल्या लोकांचे दुःख परके उरत नाही, एवढे या हकिकतीवरून दिसते. शिष्यवृत्ती देणाऱ्या सरकारचा हेतू काहीही असो, ती घेणारा तिचे काय करील हे सरकारच्या हाती नसते.

डाडची पुनर्स्थापना १९५० मध्ये बॉन येथे झाली. आज तिच्या शिष्यवृत्तीवर भारतातले पदवीधरही जर्मनीला जातात. विस्कॉन्सिनमध्ये मिल्ड्रेड यांचा जन्मदिवस, १६ सप्टेंबर, त्यांच्या नावाने पाळला जातो. आपल्या शाळेतून उद्या कोणी अशा शिष्यवृत्तीवर निघाले, तर प्रवेशअर्जाबरोबर ही हकिकतही त्याच्या हाती द्यावी.