वीस हातांचं पागोटं, हातभर टोपी

भंडारा जिल्हा धानाचा आणि पितळेचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वैनगंगेकाठची पवनी आणि तिकडे मोहाडी, आंधळगाव ही गावं मात्र कोष्ट्यांची. तिथे एके काळी घरोघरी माग चालायचे. धोतर, लुगडं, शेला आणि डोक्याचं पागोटं, गावाला जे नेसायला-गुंडाळायला लागे ते मागावरूनच येई. फेट्याला आजही आठ-नऊ मीटर कापड लागतं, म्हणजे जवळजवळ वीस हात. एका माणसाच्या नुसत्या डोक्यासाठी एवढा ताणा आणि एवढा बाणा! गांधी टोपीची कुळकथा सांगताना हे कापड विणणारा विणकर सहसा कुणाला आठवत नाही. मला ती त्याच्यापासूनच सुरू करावीशी वाटते.

पागोट्याचं कूळ फार जुनं आहे. पवनीला 1969-70 साली उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. त्याच सुमाराच्या भरहुतच्या स्तूपावरचे पुरुष पाहा. कपाळावर भली मोठी गाठ येईल अशी पागोटी त्यांनी गुंडाळलेली आहेत. अगदी विसाव्या शतकापर्यंत उघड्या डोक्यानं चारचौघांत जाणं म्हणजे घरात सुतक असल्याची खूण. नडलेला माणूस सावकाराच्या पायावर ठेवायचा ते पागोटंच, कारण त्याहून मोठं त्याच्यापाशी दुसरं काही नसे.

मग एवढं पागोटं उतरलं कसं?

तुर्कस्तानात ते हुकमानं उतरलं. सुलतान दुसऱ्या महमूदानं 1829 साली अधिकाऱ्यांच्या डोक्यावरचे फेटे काढून फेझ टोपी चढवली आणि 1925 साली केमाल पाशानं कायदा करून ती फेझही काढली. आपल्याकडे उलटं झालं. इथे नवी टोपी सरकारला खुपायची आणि लोक ती हट्टानं घालायचे.

हा बदल ज्या माणसामुळे झाला तो स्वतः पागोट्याचा अभिमानी होता. 1893 साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं पागोटं काढायला सांगितलं, तेव्हा बॅरिस्टर गांधी ते न काढता कोर्टाबाहेर पडले होते. 1915 साली हिंदुस्थानात परतल्यावरही त्यांच्या अंगावर काठेवाडी अंगरखा आणि डोक्यावर फेटा होता. पण तिसऱ्या वर्गाच्या डब्यात ते लोढणं वाटू लागलं, म्हणून त्यांनी आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी घेतली. हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. पुढे खादीची पांढरी टोपी त्या काश्मिरी टोपीवरूनच बेतली गेली. त्यामागचा विचार त्यांचे सहकारी काका कालेलकर यांनी नोंदवून ठेवला आहे. गांधीजींनी प्रांतोप्रांतीची शिरोभूषणं पारखून पाहिली होती. पंजाबी फेटा दिसायला देखणा, पण कापड फार खातो. काश्मिरी टोपी हलकी, शिवायला सोपी, घडी करून खिशात मावणारी. रंग पांढरा, कारण त्यावर मळ दिसतो आणि दिसला की धुवावा लागतो.

हा हिशेब मला थोर वाटतो. गरिबाच्या डोक्याचा इतका बारकाईनं विचार दुसऱ्या कोणत्या पुढाऱ्यानं केला असेल?

लाल पगडीचे टिळक 1 ऑगस्ट 1920 ला गेले आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसनं असहकारावर शिक्कामोर्तब केलं. नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. असहकाराबरोबर पांढरी टोपी गावोगाव पोचली. खुद्द गांधीजींनी ती फार काळ घातली नाही. 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुरेत त्यांनी सदरा आणि टोपी दोन्ही सोडून पंचा नेसला. महाराष्ट्रानं मात्र ती सोडली नाही, खेड्यांनी तर नाहीच. तिला पोरंबाळंही झाली. गुरुदेव सेवा मंडळाच्या माणसांच्या डोक्यावर भगवी टोपी दिसते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची टोपी आधी खाकी होती, 1930 साली काळी झाली. रंग वेगळे, विचार तर एकमेकांपासून फार दूरचे, पण घडी तीच, नावेसारखी.

विणकराच्या बाजूनं पाहिलं तर वीस हातांच्या जागी हातभर कापड आलं. आधीच गिरणीच्या कापडानं कोष्ट्याचं कंबरडं मोडलं होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 पासूनच धडधडत होती. टोपीनं माग बंद पाडले असं मी म्हणणार नाही, तो दोष गिरणीचाच. पण डोक्यावरचं मोठं गिऱ्हाईक गेलं, हेही खरं.

त्यातून तगून राहिला तो कोसा. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळ्यांचं हे रेशीम. जिल्ह्यातले ढिवर समाजाचे लोक पावसाळ्यात जंगलात राहून, पाखरं-माकडं हाकलत त्या अळ्या राखतात. बाया कोष उकळून धागा काढतात आणि आंधळगाव-मोहाडीचे कोष्टी तो मागावर चढवतात. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेल्या इथल्या करवतकाठी कापडाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आमच्या विदर्भात लग्नात व्याह्याचा आणि सभेत पाहुण्याचा मान आजही दुपट्टा-टोपीनं होतो. ती टोपी बहुतेक वेळा बाजारातली पातळ कापडाची असते आणि दुपट्टा पॉलिस्टरचा, घरी नेल्यावर कुणी न वापरण्याजोगा. पुढच्या कार्याला टोपी खादी भांडारातून आणा आणि निदान एक दुपट्टा आंधळगावच्या मागावरचा घ्या. महाग पडेल. पण ज्या विणकरानं दोन हजार वर्षं आपली डोकी झाकली त्याचं आपण एवढं देणं लागतो.